प्रज्ञानं केलेली पानं

पोवई नाक्यावर द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या की मी रस्त्याच्या पलीकडून चालते. साताऱ्यात हे दिवस तसे सुखाचे. पहाटे अजून शाल लागते, दुपारी डांबरातून ऊन वर येतं, आणि या दोन्हींच्या मधे कधीतरी अजिंक्यताऱ्याचा डोंगर हिरव्याचा पिवळा होऊन जातो, आपल्या लक्षातही येत नाही. गाडीवाला द्राक्षांवर पाणी शिंपडत ओरडत असतो, "तासगावची हायत, तासगावची! खाऊन तर बघा!" घरी मुलीची परीक्षा तोंडावर आलेली असते. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केलेला असतो. द्राक्षं आणि परीक्षा आमच्या भागात एकदमच येतात. ती आली की मला सांगलीतलं एक ऑफिस आठवतं, दुसऱ्या मजल्यावरचं, चार टेबलांचं. आणि स्क्रीनला नाक टेकेल इतकी पुढं वाकून बसलेली प्रज्ञा.

लग्नानंतर काही वर्षं आम्ही सांगलीला होतो. विश्रामबागेतल्या त्या ऑफिसात मी नोकरीला लागले. मालकांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणायचो. आमच्याकडचं सगळ्यात मोठं काम होतं एका शिक्षण संस्थेची वेबसाइट सांभाळण्याचं. संस्थेच्या शाळा-कॉलेजांच्या सूचना, परीक्षांची वेळापत्रकं, निकाल, सगळं त्यावर. त्यातला पीएचपीचा भाग माझा. म्हणजे साठवलेली माहिती बाहेर काढायची, कुणाला काय दाखवायचं ते ठरवायचं. ती माहिती लोकांना नीट वाचता येईल, बघावीशी वाटेल असं पान करायचं, हे प्रज्ञाचं काम. मी भाजी चिरून द्यायची आणि तिनं ताट वाढायचं, असं सर म्हणायचे.

प्रज्ञा तासगावजवळच्या खेड्यातून रोज एसटीनं यायची. वडील ती शाळेत असतानाच वारले होते. आई लोकांच्या बागांत द्राक्षं काढायला जायची, बाग संपली की बेदाण्याच्या शेडवर. पोरीला तिनं सांगलीत ठेवून शिकवलं होतं. तिकडच्या मुली बोलतात तसं प्रज्ञा स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी जेवलो' असंच बोलायची. मी सातारची, मला सुरुवातीला हसू यायचं. "आलो काय गं? आले म्हण," मी म्हणायचे. "आलो नसतो तर कोण बोलतंय मग तुझ्यासंगं?" ती म्हणायची, आणि आपल्याच उत्तरावर खूश होऊन हसायची. हसताना तिचा डावा खांदा जरा वर उचलला जायचा.

रंगांचं तिला वेड होतं. बाकीचे लोक पिवळा म्हणतात तिथं तिच्याकडं दहा पिवळे असायचे. वारा मार्केट यार्डाकडून आला की खिडकीतून हळदीचा उग्र, मातकट वास आत यायचा, त्या वासावर नाक वर करून ती म्हणायची, "या वासाचा पिवळा मला अजून सापडला न्हाई बघ." मग दुपारभर आकडे बदलत बसायची. संगणकात प्रत्येक रंगाला एक आकड्या-अक्षरांचं नाव असतं. तिला ती नावं माणसांच्या नावांसारखी पाठ होती.

तिच्या डोळ्यांचं आम्हाला कळायला उशीर झाला. बाजूनं चहाचा कप पुढं केला तर ती घ्यायची नाही, कुणी शेजारी येऊन उभं राहिलं तर दचकायची. जमिनीवर ठेवलेल्या पिशवीला हमखास अडखळायची. "अगं, खाली बघून चाल," सर म्हणायचे. आम्हाला ती धांदरट वाटायची. एका संध्याकाळी आम्ही दोघी मिळूनच खाली उतरलो. जिन्यातला दिवा गेला होता. बाहेर अजून उजेड होता, जिन्यात नुसती संधिप्रकाशाची राखाडी. तिनं माझा दंड धरला, आणि तो धरला तो इतका घट्ट की मला कळलं, ही अंधाराला भ्यायलेली नाही, हिला काहीच दिसत नाहीये.

खाली आल्यावर बसस्टॉपच्या कठड्याला टेकून तिनं सांगितलं. लहानपणापासून संध्याकाळी कमी दिसायचं. गावात त्याला रातांधळं म्हणत. आता मात्र दिवसाही कडा मिटत चालल्या होत्या. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा डोळ्याच्या पडद्याचा आजार, यावर औषध नाही, हळूहळू नजरेचं वर्तुळ लहान होत जाणार.

"म्हणजे कसं दिसतं तुला?" मी विचारलं.

"पोकळ बांबूतनं बघितल्यागत. मधलं एकदम झकास दिसतंय. तुझी टिकली दिसती. टिकली बघितली की हनुवटी जाती."

"आणि पुढं?"

"पुढं बांबू बारीक व्हत जाणार," ती म्हणाली, आणि लांबून एसटी येताना दिसली तशी मला म्हणाली, "पाटी वाच गं, तासगाव हाय का?"

मी पाटी वाचली. तासगावच होती.

आता मागं वळून बघताना वाटतं, तो हंगाम त्या पाटीपासूनच सुरू झाला असावा. बागांची छाटणी कधीच होऊन गेली होती, मणी भरत आले होते. काही बागांमधे घड उन्हापासून वाचवायला वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळतात. एसटीतून जाताना ते दिसतात. वेलींना बातम्या लागल्यासारखे. प्रज्ञा सांगायची, लहानपणी ती ते कागद वाचत बागेतून हिंडायची. अर्धी बातमी या घडावर, अर्धी कुठल्या कुठं.

मग परीक्षेचं वेळापत्रक आलं, आणि ते पान मोडलं.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमची ती वेबसाइट जुनी होती, कुणाकुणाच्या हाताखालून गेलेली. तिच्या प्रत्येक फाइलीत माझं आणि प्रज्ञाचं काम एकमेकांत कालवलेलं असायचं. दोन ओळी माझ्या पीएचपीच्या, मग तिचा तक्ता, तक्त्याच्या पोटात पुन्हा माझी अट, अटीच्या आत तिचा रंग. लांबच लांब फाइल, आणि कुठला कंस कुठं उघडला नि कुठं मिटला हे शोधायला चांगल्या डोळ्यांनाही वर-खाली धावावं लागायचं. प्रज्ञाच्या बांबूत एका वेळी जेमतेम दोन-तीन शब्द मावत. तिनं तक्त्याचा रंग बदलताना माझा एक मिटता कंस पुसला. घाईत ते थेट चालू वेबसाइटवर गेलं, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी वेळापत्रकाच्या जागी नुसतं पांढरं, कोरं पान. मुलांचे फोन, पालकांचे फोन, संस्थेच्या सचिवांचा फोन. मला चूक सापडायला वेळ लागला नाही, पण तेवढ्यात व्हायचं ते झालं होतं.

सर वाईट नव्हते. त्यांनी आवाजही चढवला नाही. प्रज्ञाला समोर बसवून त्यांनी विचारलं, "काय होतंय तुला? खरं सांग."

तिनं खरं सांगितलं. सर बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले, "हे काम डोळ्यांचं आहे गं. मी तुला काय सांगू?"

मी मधे बोलले. म्हटलं, सर, ही चूक आज तिच्या हातून झाली, उद्या माझ्या हातून होईल. दोघींचं काम एका फाइलीत कालवलेलं आहे तोवर होतच राहणार. आपण टेम्प्लेट इंजिन लावू. माझं माझ्याकडं, तिचं तिच्याकडं. तिच्या फाइली मी बारक्या बारक्या करून देते.

"परीक्षांच्या तोंडावर?"

"परीक्षा आहेत तोवर एकेक पान बदलत जाऊ. निकालाला सगळं नवीन असेल."

सरांनी प्रज्ञाकडं बघितलं. "निकालापर्यंत बघू," ते म्हणाले. त्यापुढचं त्यांनी उच्चारलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

मग जे दिवस आले त्यांना मी काय म्हणू? कष्टाचे होते, पण मला ते सणासारखे आठवतात. बाहेर ऊन कडक होत होतं. ऑफिसातल्या माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं. प्रज्ञाच्या डब्याबरोबर आईनं दिलेली द्राक्षं असायची, बागेत गळून पडलेली, सुटी, एकेक मणी मधासारखा. आम्ही ती वाटीत घेऊन मधे ठेवायचो आणि काम करायचो.

टेम्प्लेट म्हणजे साचा. पानावर जिथं माहिती यायची तिथं महिरपी कंसांच्या दोन जोड्यांत नुसतं तिचं नाव लिहायचं: विषय, तारीख, वेळ. बाकी सगळं पान प्रज्ञाचं. मी माझ्या बाजूनं माहिती देणार, आणि मधलं इंजिन त्या नावांच्या जागी ती माहिती बसवून पूर्ण पान लोकांपुढं ठेवणार. तिच्या फाइलीत माझी एकही अट नाही की गणित नाही. आणि पानाचे तुकडे करता येतात. वरचा मथळा एका फाइलीत, तळाची पट्टी दुसरीत, तक्त्यातली एक ओळ तिसरीत. ती एक ओळ नीट केली की इंजिन हवी तितक्या वेळा ती उमटवतं. मी तुकडे इतके लहान केले की प्रज्ञाच्या वर्तुळात अख्खी फाइल मावावी. पहिली तशी फाइल उघडली तेव्हा तिनं ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"अश्विनी," ती म्हणाली, "हिचा शेवट दिसतोय मला."

त्याच दिवसांत तिनं संगणकावर वाचून दाखवणारा आवाजही बसवून घेतला. स्क्रीनवरचं अक्षर न् अक्षर तो बोलायचा. 'लेफ्ट ब्रेस, लेफ्ट ब्रेस, विषय, राइट ब्रेस, राइट ब्रेस.' आवाज परका, विषय म्हणताना 'व्हिशे' म्हणायचा. प्रज्ञा त्याची नक्कल करायची. पण एका कानात तो आवाज घेऊन ती डोळे मिटून बसायची तेव्हा मी बघायचं टाळायचे. ती सराव करत होती. अजून दिसत असताना न दिसण्याचा सराव.

एक दुपार मला विसरता येत नाही. तिनं संस्थेच्या पानाचा निळा मथळा बदलून तिथं कोवळ्या द्राक्षाच्या पानाचा हिरवा घातला. पान पुन्हा उघडलं. मग पुन्हा. मग तोंड स्क्रीनला लावून बघत राहिली. तिचे हात टेबलावर अगदी सरळ ठेवलेले होते.

"काय झालं?"

"मी हिरवा घातला." तिचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला होता. "मला निळाच दिसतोय. डॉक्टर म्हणले होते, रंग शेवटाला जातील म्हणून. एवढ्यात कसं गं?"

मी खुर्ची सरकवून बघितलं. मथळा निळाच होता. खरोखरच निळा. इंजिन वेळ वाचावा म्हणून तयार केलेलं पान साठवून ठेवतं, आणि मागचं बदललं तरी सांगेपर्यंत जुनंच दाखवत राहतं. मी ती साठवण पुसली, पान पुन्हा उघडलं, आणि हिरवा आला. कोवळा, ओलसर हिरवा.

"हिरवा आहे," मी म्हटलं. "तुझे डोळे बरोबर आहेत. त्यानंच जुनं दाखवलं."

ती हसली, खांदा वर उचलून. "गाढव हाय नुसतं," इंजिनाला उद्देशून म्हणाली. आणि मग हसता हसता रडायला लागली. तोपर्यंत ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती. मी वाटीतली द्राक्षं तिच्यापुढं सरकवली.

एका रविवारी मी तिच्या गावाला गेले. फाट्यावर ती घ्यायला आली होती, उन्हात, डोक्यावर ओढणी. त्यांचं घर दोन खोल्यांचं. दारात शेवगा, आत फळीवर बुद्धाची लहान मूर्ती आणि तिच्यापुढं ताजी शेवंती. आई बागेतून नुकतीच आली होती. बाईच्या बोटांना द्राक्षाच्या देठांचा चीक लागून ती काळी पडली होती. तिनं मला पाणी दिलं, पंखा माझ्याकडं वळवला, आणि बसल्या बसल्याच म्हणाली, "त्या कंपुटरनंच माझ्या पोरीचं डोळं खाल्लं बगा. दिसभर त्यात तोंड घालून बसायचं. सोड म्हनलं तर ऐकत न्हाई."

"आई, कितींदा सांगितलं," प्रज्ञा म्हणाली. "कंपुटरचा काय संबंध न्हाई. रक्तातनं येतंय ते. मामाला न्हवतं का?"

मामा म्हणजे तिच्या आईचा थोरला भाऊ, माणदेशात दहिवडीकडं राहणारा. तरुणपणीच त्याची नजर गेली. शेरडं राखायला पोरं जायची आणि हा दारात बसून त्यांच्या घंटांवरून कुठलं शेरडू आलं नाही ते सांगायचा. गावात त्याला कुणी मुलगी दिली नाही.

आई पदराच्या टोकानं बोटांचा चीक पुसत राहिली. तो पुसला जाणारा नव्हता. मग म्हणाली, "रक्तातनं म्हंजी माझ्याकडनं."

"तसं न्हाई गं."

"माझ्याच भावाचं हाय म्हंजी माझ्याकडनंच की." तिनं माझ्याकडं बघितलं. "मी त्या मशिनीला शिव्या घालत व्हते, बाई. रोज घालत व्हते. बरं वाटायचं."

प्रज्ञा उठून आईजवळ जाऊन बसली. आईचा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला आणि अगदी जवळून बघायला लागली. कपाळ बघितलं, मग नाक, मग ओठ. नजर अशी खाली खाली आणत गेली. "सगळी आई एकदम दिसत न्हाई आता," ती मला म्हणाली, सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "म्हणून रोज थोडी थोडी बघून ठेवतो." आई मान न हलवता बसून राहिली, फोटो काढताना बसतात तशी. मला तिथं बसवेना. मी उठून शेवग्याखाली जाऊन उभी राहिले. समोरच्या बागेत काढणी चालली होती. कात्र्यांचा आवाज, बायकांची बडबड, क्रेटवर क्रेट ठेवल्याचा ठोका. उन्हात सगळं इतकं लख्ख होतं की मला हे सगळं दिसतंय याचीच लाज वाटली.

परतताना तिनं मला बागेतून नेलं. एका वेलीपाशी थांबून एक घड तळहातावर घेतला. "बघ, वरचा मणी आन् खालचा मणी एका रंगाचा न्हाई. ऊन लागतंय तिकडं जरा मधासारखा. हे सगळं आकड्यात लिहून ठेवलंय मी डोक्यात." मी विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, "मागनं लागल की. रंग बघता आला न्हाई तर निदान लिवता तरी यावा."

परीक्षा संपल्या. पानं एकेक करून नव्या साच्यांत गेली. निकालाच्या दिवशी सर सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. हजारो पोरांनी एकदम निकाल उघडला आणि कुठंही काही अडलं नाही. प्रज्ञानं निकालाचं पान अगदी साधं केलं होतं. मोठं अक्षर, भोवती भरपूर मोकळी जागा. नापास झालेल्या मुलांच्या पानावर तिनं लाल रंग ठेवला नव्हता. मी कारण विचारलं तर म्हणाली, "त्याला कळतंय की. वर आणि ओरडायचं कशाला?" संध्याकाळी सरांनी भडंग मागवलं, आणि प्रज्ञाला म्हणाले, "आता सुट्टी मागशील तर याद राख." तिची नोकरी राहिली. त्या दिवशी एसटीत बसताना तिनं खिडकीतून हात केला, जिकडं मी उभी होते त्याच्या जरा डावीकडं.

गोष्ट इथं थांबली असती तर मी द्राक्षांच्या गाड्या टाळल्या नसत्या.

पुढची काही वर्षं तिनं त्या साच्यांवर काम केलं. बांबू बारीक होत गेला, मग सुईच्या नेढ्याएवढा झाला, मग एका पावसाळ्यानंतर तिनं त्याबद्दल बोलणं थांबवलं आणि आम्ही समजलो. पांढरी काठी आली. पण काम थांबलं नाही. तो परका आवाज आता इतक्या वेगानं बोलायचा की आम्हाला एक अक्षर कळायचं नाही; तिला कळायचं. फाइली लहान, नावं ठरलेली, प्रत्येक तुकड्याची जागा तिला पाठ. रंग आकड्यांनी घालायची आणि मला बोलवायची. "कसा आलाय?" मी सांगायचे, ओल्या बेदाण्यासारखा. "मग बरोबर हाय." एकदा नवीन आलेल्या कुणीतरी विचारलं होतं, ही पानं कुणी केली, फार सुंदर आहेत. प्रज्ञा शेजारच्या टेबलावरच होती. तिनं मान खाली घातली, पण खांदा वर गेलेला मी बघितला.

मग संस्थेत नवे सचिव आले. त्यांना वेबसाइट बदलायची होती. आता तयार व्यवस्था मिळतात. स्क्रीनवरचे चौकोन माऊसनं उचलायचे, हवे तिथं नेऊन सोडायचे, झालं पान. ना साचा लिहायचा ना कंस. कुणालाही जमतं, असं ते सारखं म्हणत होते. सरांनी आमच्या बाजूनं बोलून पाहिलं. पण एक एक करत बाकीचे ग्राहकही तेच मागायला लागले.

प्रज्ञानं ती नवी व्यवस्था शिकायचा प्रयत्न केला. मी शेजारी बसायचे. तो आवाज त्या चौकोनांपाशी आला की मुका व्हायचा, नाहीतर एकच शब्द म्हणत राहायचा: 'ब्लँक, ब्लँक.' उचलायचं काय आणि सोडायचं कुठं, हे त्याला सांगता येत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा बाणांच्या कळा दाबायची. 'ब्लँक.' तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं कानातला इअरफोन काढून टेबलावर ठेवला.

"डोळं गेलं तवा सुद्धा मला एवढं आंधळं वाटलं न्हवतं," ती म्हणाली.

सरांनी तिला जा म्हटलं नाही. फोन घे, हिशेबाचं बघ, काहीही कर पण ये, म्हणाले. ती काही दिवस आली. मग येईना. शेवटच्या दिवशी आपले साचे तिनं माझ्या संगणकावर एकदा ऐकले, पहिल्यापासून, एकेक फाइल. दुपारी चारच्या सुमारास ऐकणं संपलं, तिनं काठी उघडली, आणि जिना तिला पाठ असल्यामुळं मी सोबत येऊ नये असं सांगून ती गेली. खाली रस्त्यावर ती रिक्षावाल्याशी बोलत होती, तो आवाज वर येत होता.

आम्ही नंतर साताऱ्याला आलो. मी अजून हेच काम करते. माझ्याकडं आलेली नवीन मुलं कधी कंटाळून विचारतात, मॅडम, टेम्प्लेट वेगळं कशाला ठेवायचं, एकातच लिहून टाकू ना? मी त्यांना नेहमीची कारणं सांगते. चुका कमी होतात, दोन माणसांना एका वेळी काम करता येतं, पुढं बदलायला सोपं जातं. कारणं खरी आहेत. प्रज्ञाबद्दल मी त्यांना काही सांगत नाही. सांगायला गेले तर ते दयेनं ऐकतील, आणि तिच्या पानांत दया करण्यासारखं काही नव्हतं.

परवा सकाळी मुलीला परीक्षा केंद्रावर सोडलं. फाटकाबाहेर पालकांची गर्दी, कुणी शेवटचं काहीतरी पाठ करून घेतंय, कुणी पोराच्या खिशात खडीसाखर घालतंय. परत येताना एक हातगाडी आडवी आली आणि मला बाजू बदलायला जागाच राहिली नाही. गाडीवाल्यानं न विचारता एक मणी हातावर ठेवला. मी खाल्ला. घरी आल्यावर प्रज्ञाला फोन लावला. बऱ्याच महिन्यांनी लावत होते.

ती आता सांगलीतच एका सरकारी कचेरीत टेलिफोनवर असते. आईला तिनं आपल्याजवळ आणलंय. फोन उचलल्या उचलल्या तिनं माझा आवाज ओळखला आणि आनंदानं ओरडली. आईचे गुडघे, माझ्या मुलीचा पेपर, सांगलीतलं ऊन, सगळं बोलून झालं. मग मी विचारलं, "काम कसं आहे?"

"चांगलं हाय. कायमचं हाय. लोक म्हणतात, नशीब काढलंस." ती म्हणाली. "खरंच चांगलं हाय गं. मी तक्रार करत न्हाई. साहेब चांगले हायत, जेवायच्या सुट्टीत बायका गप्पा मारतात माझ्यासंगं. पर अश्विनी, कवातरी हात नुसते मांडीवर असतात ना, तवा वाटतंय…"

"काय वाटतं?"

"मला पान करायचं होतं गं."

मी काहीतरी बोलणार होते. पण तिच्याकडं दुसरा फोन वाजला. "थांब हं," म्हणून तिनं माझा फोन तसाच टेबलावर ठेवला, आणि मला तिचा कचेरीतला आवाज ऐकू आला. स्वच्छ, सावकाश, कुणाला तरी कुठल्या खिडकीपाशी जायचं ते समजावून सांगणारा. पलीकडचं माणूस म्हातारं असावं. ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. दारातून आत आलात की उजव्या हाताला वळा. मग भिंत संपेपर्यंत सरळ या.